बुवांची नथ

बस येलदरीच्या वाटेला लागली तरी मुंजाजी शिंप्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारी पुण्याचे साने बसले होते. जुन्या संगीत नाटक मंडळ्यांच्या वस्तू शोधत ते गावोगाव फिरत. रंगनाथबुवांची नथ मुंजाजीकडे आहे हे कळल्यावर ते थेट बोरीला त्याच्या घरी आले, आणि नेमकी नथ घरात नव्हती. बहिणीकडे ठेवायला दिलीय, एवढंच मुंजाजीनं सांगितलं.

मुंजाजी ज्या नाटक मंडळीत कपडे शिवायचा, तिथं बुवा बायकांच्या भूमिका करत. त्यांनी तान घेतली की नथीचे मोती थरथरत, आणि विंगेत शालू घेऊन उभा असलेला मुंजाजी श्वास घ्यायचा विसरे. मंडळी बुडाली तेव्हा बुवांनी नथ त्याच्या हातावर ठेवली. पुढे बुवा गेले. त्यांचं नाव घेणारं या मुलखात कुणी उरलं नाही. कुणाची लेक उजवायची असली की लोक नथ मागायला येत, मुंजाजी देई. आज येलदरीला ती मानलेल्या बहिणीच्या, तानुबाईच्या लेकीनं, रुख्मिणीनं आपल्या लग्नात घातली होती.

काचेच्या कपाटात नथ ठेवू, खाली बुवांचं नाव लिहू, असं साने म्हणाले होते. मुंजाजीला आणखी काय हवं होतं? तरी तो सारखा उपरण्यानं मान पुसत होता.

मांडवाच्या दारातच तानुबाईनं त्याला बाजूला घेतलं. नथ आम्हीच लेकीला केलीय, असं तिनं व्याह्यांना सांगितलं होतं.

"आता काढली तर वऱ्हाड माघारी जाईल, भाऊ."

तोवर साने बुवांचा जुना फोटो घेऊन नवरीपुढे पोचले होते. फोटोतल्या नथीत हिरवा खडा, समोरच्या नथीतही. नवऱ्या मुलाचे वडील दत्तराव जवळ येऊन उभे राहिले.

"मुंजाजीराव, हीच ना?" सान्यांनी विचारलं.

रुख्मिणीनं मान खाली घातली.

"न्हाई साहेब," मुंजाजी म्हणाला. "ही त्यांच्या घरची हाय. बुवांची म्या हरवली. तुमाला घरी सांगायला जीभ रेटली न्हाई."

सान्यांनी फोटो पिशवीत ठेवला.

"जपायला हवी होती हो," ते हलकेच म्हणाले आणि परतीच्या बसकडे चालू लागले. मुंजाजी दोन पावलं त्यांच्यामागं गेला, थांबला.

पंगतीत दत्तरावांनी विचारलं, ते नथ शोधणारे पाव्हणे न जेवताच गेले, कोण होते?

"वाट चुकले होते," मुंजाजी म्हणाला, आणि पत्रावळीवरचा भात कालवत राहिला.