सहाशे किलोंचा डोंगा

मी एक जुना सागवानी डोंगा, म्हणजे फळ्यांची लहान नाव आहे. गोसीखुर्दच्या धरणाचे पाणी आमच्या गावाजवळ पसरले, तेव्हा नावाडी सोमाजींनी मला घडवले. उथळ पाण्यात उभे करून त्यांनी माझ्यात चाळीस-चाळीस किलो वाळूची पोती ठेवली. पंधरा पोत्यांनंतर माझा काठ पाण्यावर जेमतेम वीतभर उरला. त्यांची मुलगी शकुनबाई तेव्हाच म्हणाली, "बाबा, सहाशे किलो. याच्यावर नाही."

मित्रांनो, आता मला तीच चालवते.

गेल्या हिवाळ्यात गावातले आनंदराव आणि आणखी पाच शेतकरी धानाचे आठ कट्टे, म्हणजे चाळीस-चाळीस किलोंची पोती, घेऊन आले. पलीकडच्या गिरणीत जायचे होते. वारा वाढत होता. शकुनबाई बोटांवर काहीतरी मोजू लागली.

"चाल ना बाई! कायले मोजून राहिली?" आनंदराव चिडले.

"आठ कट्टे तीनशे वीस. तुमी सहा जण, साठ-साठचे, तीनशे साठ. मी पन्नास. सातशे तीस झाले, दादा. चार कट्टे उतरवा."

"रोजचं पाणी हाये हे!"

"मंग मी नाही येत जी."

कुरकुरत त्यांनी चार कट्टे काठावर ठेवले. तिच्या हिशोबाने पाचशे सत्तर किलो उरले.

मध्यावर लाटा उसळल्या. एक लाट आत आली, मग दुसरी. माझ्या फळ्या करकरल्या. काठ आणि पाणी यांत चार बोटेच अंतर दिसत होते. एक जण डब्याने पाणी उपसत होता आणि शकुनबाईचे वल्हे थांबत नव्हते. आता बुडतो, असे मला तीनदा वाटले.

पैलतीरी टेकलो तेव्हा आनंदराव शकुनबाईकडे वळले.

"बाई, माह्यं वजन तू किती धरलं होतं?"

"साठ."

"माह्यं त ऐंशी भरते."

शकुनबाईचा चेहरा उतरला. पाचशे सत्तर नव्हते, पाचशे नव्वद होते. सहाशेला दहाच किलो कमी. ती खाली बसली. बराच वेळ उठली नाही.

त्या दिवसापासून ती प्रत्येकाला वजन विचारते आणि पाचशेवर थांबते. लोक हसतात, पण पुढच्या फेरीसाठी थांबतात.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. वर्षातून एकदा माझ्या भेगांत डांबर भरा, एवढेच मागणे. आणि कुणी काम करताना बोटांवर मोजत असेल, तर त्याला घाई करू नका.