रिकामा टाइप

चौकशी अधिकाऱ्याने मला विचारलं, "बाई, रिकामा टाइप म्हणजे काय, ते जरा साध्या भाषेत सांगा."

साध्या भाषेत! पंचवीस वर्षं हेच करत आलेय मी. आजवर कुणाला ऐकायची गरज पडली नव्हती. पडली कधी, तर एका माणसाचा पाय गुडघ्याखाली कापल्यावर. तो माणूस, लिफ्टचा मेकॅनिक, त्याच खोलीत भिंतीपाशी बसला होता, कुबड्या शेजारच्या खुर्चीला टेकवून. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

तरी सांगितलं. आमची कंपनी लिफ्टचा कोड लिहिते. दार कधी उघडायचं, मोटर कधी फिरवायची, हे सगळं. ज्या भाषेत लिहितो तिच्यात प्रत्येक गोष्टीचा टाइप आधी ठरवावा लागतो, म्हणजे त्या जागी काय काय येऊ शकतं त्याची यादी. दाराच्या टाइपमध्ये दोनच व्हॅल्यू, उघडं आणि बंद. मजल्याच्या टाइपमध्ये नऊ. आणि रिकाम्या टाइपमध्ये एकही नाही. नाव लिहायचं, पुढे काही म्हणजे काही लिहायचं नाही.

"मग त्याचा उपयोग काय?"

हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. "साहेब, एखाद्या खिडकीवर तुमच्याकडे असा दाखला मागितला, जो कुठलंच कार्यालय देत नाही, तर तुमचं काम कधी होईल?"

"जन्मात नाही."

"झालं तर मग. दार उघडं असताना मोटर फिरवायची, तर माझा कोड असाच दाखला मागायचा. कुणी आडमार्गाने घुसायला गेलं, की कंपायलर अडवणार. कंपायलर म्हणजे कोड तपासणारा प्रोग्रॅम. असला कोड लिफ्टपर्यंत पोचायचाच नाही."

"मागायचा म्हणता. म्हणजे आता मागत नाही?" अधिकारी दिसतो तेवढा भोळा नव्हता.

मी टेबलापलीकडे बघितलं. तिथे माझा धाकटा भाऊ नखं कुरतडत बसला होता. सख्खा भाऊ. चार ठिकाणांहून नारळ मिळाल्यावर त्याला या कंपनीत मीच चिकटवला होता.

आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला होता. "त्याची पोर दोन वर्षांची आहे गं. तुझं काय, तू एकटी, तुला कुणाचं करायचंय? सांभाळून घे."

"आई, एका माणसाचा पाय गेलाय."

"वाईटच झालं. पण तू बोललीस म्हणून तो परत येणार आहे का?"

मी फोन आपटला. बेचाळीस वर्षं सांभाळूनच घेतेय. त्याने काच फोडली की ताईचं लक्ष नव्हतं, तो नापास झाला की ताईने शिकवलं नाही. आता पुरे, असं ठरवूनच मी चौकशीला आले होते.

म्हणून सांगून टाकलं सगळं. दुरुस्ती करताना दार उघडं ठेवून लिफ्ट इंच-इंच सरकवता यावी, अशी मागणी आली होती. त्यासाठी दुरुस्तीची वेगळी अवस्था लिहायला हवी होती. हातात बटण, मंद वेग, बटण सोडलं की लिफ्ट थांबली. नीट करायचं तर चार दिवसांचं काम. मी धाकट्याला तसं बजावलं होतं. त्याने जेवणाच्या सुट्टीआधीच उरकलं. काय केलं? माझ्या रिकाम्या टाइपमध्ये एक व्हॅल्यू टाकली. तिला नावसुद्धा काय दिलं, तर 'सध्यापुरतं'. कंपायलर तीन ठिकाणी बोंबलला, की ही नवी व्हॅल्यू आली तर काय करू? त्या तीन जागा मी कोऱ्या सोडल्या होत्या, कारण तिथे काही येणंच शक्य नव्हतं. त्याने तिन्ही ठिकाणी लिहिलं, मोटर चालू ठेव. कंपायलर गप्प. नसलेला दाखला वाटायला सुरुवात झाली, मग दुरुस्तीचं बटण दाबलेलं असो नसो, विचारतंय कोण? दार उघडं असतानाही लिफ्ट हलायला मोकळी.

एवढं बोलून मला खरंच बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

धाकट्याने मान वर केली नाही. हळूच म्हणाला, "ताई, त्या बदलाला मंजुरी तुझी आहे."

"काय?"

अधिकाऱ्याने कागद माझ्यापुढे सरकवला. बदल करणाऱ्याचं नाव त्याचं, मंजूर करणाऱ्याचं माझं. दोन्हींच्या वेळांमध्ये अंतर चाळीस सेकंदांचं.

मला आठवलंदेखील नाही. आठवणार कसं? मी वाचलंच नव्हतं. कंपायलरने पास केल्याची हिरवी खूण दिसली आणि बटण दाबलं. ऑफिसात ओळ न् ओळ वाचत बसणाऱ्यांची सगळ्यात जास्त टर मीच उडवायची. टाइप जुळले ना, मग डोळे कशाला फोडता? आणि बदल कसला होता, तर खुद्द टाइपचाच. यादीच बदलली, तर बिचारा कंपायलर तरी काय अडवणार? तेवढीच एक ओळ माणसाने वाचायची होती, आणि तो माणूस मी होते.

अधिकारी लिहीत होता. मी म्हटलं, "चूक माझी आहे, असं लिहा."

"दोघांचीही आहे, असं लिहितोय," तो म्हणाला. धाकटा रडायला लागला. मला त्याची कीव आली नाही.

मग मेकॅनिक पहिल्यांदाच बोलला. "बाई, एक विचारू? आमच्या वर्कशॉपमध्ये शिकवायला तुम्हीच आल्या होता ना?"

"हो."

"फळ्यावर टाइपचं नाव लिहिलंत आणि पुढची जागा मोकळी सोडलीत. म्हणालात, दार उघडं असताना लिफ्ट हलणार नाही असं नाही, हलूच शकत नाही. गणितासारखं सिद्ध केलंय."

"म्हणाले होते."

"एकोणीस वर्षं मी दारात लाकडाचा ठोकळा अडकवल्याशिवाय पाय ठेवला नाही. तुम्ही सांगून गेलात आणि पोरं मला हसायला लागली. म्हातारा गणिताला घाबरतो म्हणून. त्या दिवशी ठोकळा गाडीतच राहू दिला मी."

त्याच्या आवाजात राग असता, तर मला सोपं गेलं असतं.

"तुम्ही स्वतः ठेवला असता पाय, ठोकळ्याशिवाय?"

"हो," मी म्हटलं. ते खरं होतं. डोळे मिटून ठेवला असता.

"मग ठेवायचा होता ना, बाई," तो म्हणाला, आणि कुबड्यांकडे हात नेला.