तुराटीवरची खूण

"जितू पेट्रोल भरानं इसरी गया, दुसरं काय!"

तोतारामकाकांचं हे वाक्य म्हणजे गावाने दिलेला निकालच होता. पानटपरीवर तेच, पिठाच्या गिरणीवर तेच. जितूच्या, म्हणजे मयुरीच्या पप्पांच्या, दहाव्याला नदीवर आलेल्या पाहुण्यांनाही काकांनी गमछ्याने डोळे पुसत तेच सांगितलं होतं. काकांच्या मनात वाईट नव्हतं हो. चुलतभाऊ गेला म्हणून ते खरंच रडले होते. पण माणूस का गेला याचं काहीतरी कारण लागतं, आणि ते एकदा सापडलं की लोक ते सोडत नाहीत.

आणि मयुरीला ते ऐकवत नव्हतं.

कारण पप्पा विसरले नव्हते. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं!

भादव्यातली सकाळ होती ती. वरून धरणाचं पाणी सोडणार म्हणून आदल्या दिवशी दवंडी झाली होती, आणि पप्पांची जाळी तापीच्या मधोमध लावलेली. "जाळी गई तं वरीसभर काय खावानं?" असं म्हणत पप्पा तापाने फणफणलेले असूनही उठले. नाक चोंदलेलं, डोळे लाल. अंगणात बसून त्यांनी नावेच्या इंजिनाची पत्र्याची टाकी भरली आणि नेहमीसारखी तिच्यात तुराटी, तुरीची वाळकी काडी, बुडवली. त्या तुराटीवर त्यांनी चाकूने एक खूण केलेली होती. पेट्रोल खुणेपर्यंत आलं की जाऊन परत येता येतं, असा त्यांचा हिशेब. ओली तुराटी त्यांनी मयुरीच्या नाकासमोर धरली.

"देख वं, खूणना वर शे. आज माले नाकच नही, वास तूच ले."

मयुरीने "ई पप्पा!" म्हणून तोंड फिरवलं होतं. मग ते आत भाकरी खायला बसले, मयुरी वेणी घालायला बसली, आणि आई बाहेर शेळीचा खुंटा ठोकत होती. नंतर पप्पांनी टाकी हातात उचलली आणि ते गेले. इंजिन नदीच्या मधोमध बंद पडलं. काठावरच्या लोकांनी त्यांना दोरी ओढताना पाहिलं, पुन्हा ओढताना पाहिलं, मग पाण्याने नाव फिरवली. पप्पा दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याच्या खांबाशी सापडले. नाव खाली बाभळीत अडकली होती, आणि तिला बांधलेली टाकी कोरडी ठणठणीत.

तेव्हा मयुरीने सगळ्यांना सांगितलं, "टाकी भरलेली होती, मी बघितली." पण तेव्हा ती फुसफुस बोलायची. मोठ्या माणसांपुढे तिचा आवाज घशातच बसायचा. काकांनी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बापनी माया शे पोरले."

पण ती मयुरी आता राहिली नव्हती! शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी तिला जबरदस्तीने उभं केलं, ती स्टेजवर गेली आणि अशी काही बोलली की खाली बसलेली पोरं मोबाइल ठेवून ऐकायला लागली. पहिला नंबर! तेव्हापासून तिला कळलं होतं की आपण बोललो की लोक ऐकतात. मग पप्पांसाठीच का गप्प बसायचं?

भरलेली टाकी रिकामी झाली म्हणजे ती गळत होती. इतकं सोपं. टाकीचं भोक सापडलं की काकांना दाखवायचं आणि त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं, की जितू विसरला नव्हता. मग टाकी झाळून, भोक बुजवून आणायची, नावेला लावायची. नदीकाठच्या पोरीला इंजिन चालवता येत नाही असं कोण म्हणतं?

अडचण एकच होती. टाकीचं नाव काढलं की आईचा चेहरा दगड व्हायचा. टाकी घरी आली त्या दिवशीच आईने ती गोणपाटात गुंडाळून गोठ्यात कडब्यामागे सारली होती. भंगारवाला आला तरी दिली नाही, आणि मयुरीने मागितली तरी दिली नाही.

"ऱ्हाऊ दे. तिले हात लावू नको."

"अगं, पण आई, दुरुस्त केली तर..."

"नको म्हनं ना तुले!"

दिवाळीच्या सुट्टीत आई कापूस वेचायला गेली आणि मयुरीने कडबा बाजूला केला. वाटेत पारावर काका भेटलेच.

"अय पोर, कोठे चालनी? गोनीमा काय शे? सासरनं गाठोडं बांधं का आतेपासून?"

"काका, टाकी आहे. शिंदखेड्याला नेतेय. हिच्यातलं भोक शोधून दाखवते तुम्हाला. मग बघू कोण विसरलं ते!"

"ओ हो हो! वकीलीनबाई!" काका हसले, पण मग हळू आवाजात म्हणाले, "आन बरं. भोक दिसनं तं मी बठ्ठा गावले सांगसू. मी खोटा पडना तं बी चालई."

शिंदखेड्याला नूर महंमद चाचांचं दुकान म्हणजे एक टपरी आणि समोर चिंचेची सावली. घागरी, फवारणीचे पंप, दुधाच्या बरण्या, गळेल त्याला चाचा कथलाचा डाग देतात. पप्पा त्यांच्याकडेच यायचे. टाकी पाहताच त्यांनी ती ओळखली आणि तिच्यावरून तळहात फिरवला.

"जितूभाऊ दर वर्षी रंग द्यायला सांगायचा हिला. म्हणायचा, चाचा, ही माझी दुसरी लेक आहे."

"मग पहिलीने आणलीय तिला," मयुरी म्हणाली. "चाचा, ही गळतेय. कुठून ते मला बघायचंय."

चाचांनी टाकी साबणाच्या गरम पाण्याने धुतली, पुन्हा धुतली. "पेट्रोल गेलं तरी त्याची हवा आत बसते, बेटी. तशीच आगीला लावली तर टाकी पण उडेल आणि चाचा पण." मग त्यांनी ती काठोकाठ पाण्याने भरली, झाकण लावलं आणि दोन विटांवर ठेवली. दोघं खाली वाकून बसले. टाकीच्या बुडाशी एक थेंब आला. लोंबला, पडला. मग दुसरा. मग बारीक धारच लागली.

"दिसलं! चाचा, दिसलं!" मयुरी उभ्या उभ्या उडी मारून टाळ्या पिटायला लागली, रस्त्यावरची माणसं बघायला लागली. तिने मोबाइल काढून फोटो काढला. धार अगदी स्पष्ट आली होती. आता बघा म्हणावं, काका! पप्पा विसरले नव्हते! तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी पण. ही बातमी आधी पप्पांनाच सांगावी असं तिला वाटलं आणि मग आठवलं.

चाचा मात्र हसत नव्हते. त्यांनी टाकी रिकामी केली, उलटी करून मांडीवर घेतली आणि भोकाभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासला. घासता घासता हात थांबला.

"गंज ना?" मयुरीने विचारलं.

"गंज असता तर पत्रा भुसभुशीत झाला असता." त्यांनी भोकावर अंगठा ठेवला. "नावेत काहीतरी टोचलं असेल. होतं असं."

मयुरीने टाकी ओढून घेतली. भोक लहानसं, पण नीट. चार कोपऱ्यांचं. कडा आत वळलेल्या. म्हणजे बाहेरून आत ठोकलेलं.

चौकोनी.

नावेच्या फळ्यांना लागतात ते खिळे दुकानात मिळतात तसे गोल नसतात. पप्पा ते लोहाराकडून चौकोनी घडवून घ्यायचे आणि त्यांचा डबा दाराजवळ ठेवायचे. तिला तो डबा आठवला. त्या सकाळी उघडा असलेला. "आज जावू नका हो, अंगमा आग शे तुम्हना," आई म्हणत होती आणि पप्पा हसत होते. आणि मग ते भाकरीला बसलेले, तिची वेणी अर्धी झालेली, आणि बाहेर ठक. ठक.

शेळीचा लाकडी खुंटा ठोकला की आवाज बुजका येतो. तो आवाज पत्र्याचा होता.

आईला त्यांना बुडवायचं नव्हतं. हे मयुरीला कुणी सांगायला नको होतं. आईला वाटलं असणार, टाकी ठिबकेल, वास येईल, चिडून परत येतील, शिव्या देतील, आणि घरी राहतील. बस. पण त्या दिवशी पप्पांना नाकच नव्हतं.

चिंचेचा पाला टाकीवर पडत होता. चाचांनी शेगडी फुंकली.

"डाग देऊ ना, बेटी?"

मयुरीने मोबाइल पुन्हा काढला. फोटोतली धार उन्हात चमकत होती. तिने तो पुसून टाकला. आवाज काढायला गेली तर तो पूर्वीसारखाच घशात बसला होता.

"द्या," ती कशीबशी म्हणाली. "जाड द्या, चाचा. वरून रंग पण मारा. खाली काय होतं ते कळायला नको."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं आणि डाग द्यायला घेतला. कथील वितळलं, भोकावर बसलं, आणि चारही कोपरे बुजले.

ती घरी पोचली तेव्हा काका ओट्यावर येऊन बसलेले होते, चहा पीत. आई शेतातून येऊन चहा करून मोकळी झाली होती, पदराला अजून कापसाचे तंतू चिकटलेले. मयुरीच्या कडेवरची टाकी तिला दिसली, आणि ती जागीच थांबली. हातातला तांब्या तिने दोन्ही हातांनी धरला.

"मंग, वकीलीनबाई?" काका पुढे सरकले. "दखाड! कोठे शे भोक?"

गावाला सांगायला काका तयार बसले होते. एक शब्द पुरला असता. मयुरीने आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे नव्हती बघत, टाकीच्या बुडाकडे बघत होती.

"भोक नव्हतं, काका," मयुरी म्हणाली. "जुना रंग उडालेला, तेवढा मारून आणला." आणि मग जे म्हणायचं होतं ते म्हणायला तिला स्टेजवर लागली होती त्याहून जास्त हिंमत लागली. "पप्पाच विसरले असतील."

काकांनी मान हलवली. जिंकल्याचा आनंद त्यांना झाला नाही. "जाऊ दे पोर. ताप व्हता त्याले. माणूस इसरस."

"मयुरीना पप्पा कधीच इसरेत नही, भाऊ!"

आई एवढ्या मोठ्याने बोलली की शेळी दचकून उठली. "कधीच नही! टाकी त्यास्नी भरेल व्हती. मीच..."

"आई!" मयुरीने तिचं मनगट धरलं. घट्ट. "शेळीला पाणी पाजायचंय. चल."

काका दोघींकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःशीच मानलं, की बाईचं दुःख अजून ताजं आहे. कप ठेवून ते हळूच निघून गेले.

गोठ्यात आईने मयुरीचा हात सोडवला नाही. दोघीही शेळीकडे बघत उभ्या राहिल्या. "चाचांनी चांगला डाग दिलाय," मयुरी म्हणाली. आईने फक्त मान हलवली आणि मग तिचं सगळं अंग हलायला लागलं. मयुरीने तिला धरलं.

पप्पा मात्र गावासाठी विसरलेलेच राहिले. पारावर अजूनही विषय निघाला की तेच वाक्य येतं, आणि मयुरी मान खाली घालून पुढे जाते.

मयुरी पहिल्यांदा नाव काढायला निघाली त्या सकाळी तिने अंगणात टाकी भरली. आई घरातून आली. तिच्या हातात तुराटी होती, पप्पांची. तिने ती टाकीत बुडवली, वर काढली, खुणेजवळ धरून बघितली. पुन्हा बुडवली, पुन्हा बघितली. मग खाली बसून टाकीच्या बुडाखाली तळहात लावला आणि तसाच धरून ठेवला, ताप बघतात तसा.

हात काढला. कोरडा होता. तरी तिने बोटं नाकाशी नेली आणि बराच वेळ हुंगत राहिली.

"जाय," ती म्हणाली. आणि मयुरी नदीकडे वळली तशी टाकीच्या मागोमाग, खाली बघत, तीही चालायला लागली.