निळ्या बुडाचा पेला

इस्त्रीवालीच्या नवऱ्याने अख्खं आयुष्य काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर काढलं आणि गेला तोही तिथेच, कामावर असताना. मागे काय उरलं? चपलांचा जोड, एक सदरा आणि हा पेला. पेला आणून दिला त्याच्या जोडीदाराने. हा जोडीदार ताडमाड उंच, म्हणून सगळा कारखाना त्याला बुटक्या म्हणायचा. दारातून वाकून आत आला, पेला इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, "वहिनी, हा त्याचा," एवढंच बोलला आणि चहासुद्धा न घेता निघून गेला.

पेला पितळी, पण त्याचं बूड कापून तिथे गडद निळी काच बसवलेली. त्याचं असं आहे, की भट्टीत उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर नुसता लखलखाट दिसतो. निळ्या काचेतून पाहिलं की तो लखलखाट निवतो आणि आतल्या विटा, वितळलेली काच, सगळं स्वच्छ दिसतं. बाकीचे लोक काचेचा तुकडा खिशात बाळगायचे. हा गडी मुलखाचा उतावळा. एका हातात सळई, दुसऱ्या हातात पाणी, मग तिसरा हात आणायचा कुठून? त्याने पेल्यालाच काच बसवून घेतली. भट्टीचं भोक डोक्याच्या जरा वर होतं. मान मागे टाकून पाणी प्यायचं आणि शेवटच्या घोटाला बुडातून भट्टीत नजर टाकायची. तेवढीच वेळेची बचत, असं तो सांगायचा.

इस्त्रीवालीने घरातल्या इतर भांड्यांसारखा तो पेलाही घासला, पुसला आणि पालथा घालून ठेवला. दुपारी काम करता करता घशाला कोरड पडली म्हणून त्यातूनच पाणी प्यायली. शेवटच्या घोटाला टेबलापलीकडे तिचा नवरा उभा दिसला. पाठमोरा होता. सदरा घामाने पाठीला चिकटलेला, मानेवर फडकं. घोट घशाखाली गेला आणि समोर नुसती भिंत उरली.

ती घाबरली का? खोटं कशाला बोला, घाबरली. पण त्या भीतीहून मोठं असं एक दुखणं तिच्या मनात होतं. त्या दिवशी सकाळी तो कामाला निघाला, तेव्हा ती कुणाच्या तरी पडद्यांच्या चुण्या काढत होती. "येतो गं," तो म्हणाला. "हं," ती म्हणाली, आणि मान काही वर केली नाही. संध्याकाळी त्याला आणलं ते तोंड झाकूनच. तो भट्टीच्या तोंडाशीच पडला होता, त्यामुळे कोणी तिला फडकं बाजूला करू देईना. नवऱ्याचा चेहरा एकदा, फक्त एकदा डोळे भरून पाहायचा, एवढंच तिला हवं होतं.

मग काय, तिने नादच धरला. रिकामा पेला डोळ्याला लावला तर निळी खोली दिसायची, बाकी काही नाही. पाणी प्यावंच लागायचं, आणि दिसायचं तेही शेवटच्या घोटापुरतं. ती पेल्यामागून पेले रिचवू लागली. प्यायचा, पुसायचा, पालथा घालायचा, जरा दम खाऊन पुन्हा भरायचा. पोटात जेवणाला जागा उरेना. एका गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा तर तिने असा भाजला, की पाठीवर अख्ख्या इस्त्रीचा ठसा उमटला. गिऱ्हाईक तोंडाला येईल ते बोलून गेलं. हिचं लक्ष पलीकडच्या भिंतीकडे.

थोरली नणंद शेजारच्याच खोलीत शिवणकाम करायची. जिभेला हाड नव्हतं, पण भावजयीवर जीव होता तिचा. तिच्यापासून काय लपून राहणार?

"लोक एकमेकांना पाण्यात पाहतात, हे ऐकून होते," ती म्हणाली. "तू साक्षात नवऱ्यालाच पाहायला लागलीस."

"वन्सं, ते वळताहेत हळूहळू," इस्त्रीवाली म्हणाली. "काल कान दिसला."

नणंदेची चेष्टा तिथल्या तिथे विरली. कोणाला न सांगता तिनेही एकदा पेला तोंडाला लावून पाहिला होता. तिला भिंतच दिसली होती. ती त्याची पाठची बहीण नव्हे, पुढची. लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं होतं तिने त्याला. फार लागलं होतं ते तिच्या मनाला. "मला नाही गं दिसला तो," ती म्हणाली. "वळला की सांग त्याला. म्हणावं, ताई रागावली आहे."

तो पुरता वळला एका भर दुपारी. वळला खरा, पण चेहरा काही दिसला नाही. त्याच्या तोंडाला पेला लावलेला होता. हाच पेला. चेहऱ्याच्या जागी निळी गोल काच, आणि त्या काचेतून तो तिच्याकडेच पाहत होता. शेवटचा घोट तिने जमेल तेवढा तोंडात धरून ठेवला. त्यामुळेच तिला ते दिसलं. त्याने मान मागे टाकली होती, पण गळ्याची घाटी हलत नव्हती. तो पाणी पीत नव्हता. नुसताच पेला लावून उभा होता.

तिने बुटक्याला बोलावणं धाडलं. तो आला तेव्हा काही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं, हा आता वेड्यात काढणार. पण तो स्टुलावर बसला.

"आमच्याकडे रीत आहे, वहिनी," तो म्हणाला. "भट्टीपुढच्या माणसाने जागा सोडायची नाही. त्याचा पेला जोडीदाराने भरायचा. सरळ ठेवलेला दिसला की भरायचा, विचारत बसायचं नाही. पालथा घातलेला असला, तर त्याला आता नको, असं समजायचं."

"पालथा?"

"हो. त्या दिवशी माणसं कमी होती. मुकादमाने मला दुसऱ्या भट्टीवर धाडलं. परत आलो तर हा पडलेला, आणि शेजारी पेला सरळ ठेवलेला. आत थेंब नव्हता. त्याने हाक मारली असेल, पण त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? म्हणून तर पेला मला जवळ ठेववेना."

इस्त्रीवालीला आता उमगलं. इतके दिवस ती तहानलेल्या माणसासमोर घटाघटा पाणी पीत होती. वर दर वेळी पेला पुसून पालथा घालत होती. स्वतःचा इतका राग तिला जन्मात आला नव्हता. बुटक्यासमोरच ती ढसाढसा रडली, आणि बुटक्याही काही कोरडा राहिला नाही.

तो गेल्यावर तिने पेला काठोकाठ भरला आणि टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरळ ठेवला. नणंद दारात उभी होती.

"अगं, पण भरून ठेवलास तर तुला दिसणार कसा तो?"

"नाही दिसणार."

संध्याकाळी पाहतात तर पेला कोरडा. नणंदेने टेबलावरून, टेबलाखालून हात फिरवला. कुठे ओल नव्हती. इस्त्रीवालीने पेला पुन्हा भरला. स्वयंपाक उरकून येते तो पुन्हा रिकामा.

आणि तेव्हा तिच्या डोक्यात आलं, आता तो प्यायला आहे. म्हणजे तोंडाचा पेला खाली आला असेल. म्हणजे चेहरा आता मोकळा असेल. एक घोट, फक्त एक घोट प्यायला की झालं. तिने पेल्यात घोटभर पाणी ओतलं आणि काठ ओठाला लावला. नणंद पाहत होती. तीही मनातून म्हणत होती, पी गं, पी एकदाची.

पण भट्टीपुढच्या माणसाची तहान एकदोन पेल्यांनी थोडीच भागते? इस्त्रीवालीने पेला ओठावरून खाली घेतला. हंड्यातून काठोकाठ भरला आणि एक थेंब सांडू न देता पलीकडे सरकवला.

"तुमचं होऊ द्या आधी," ती म्हणाली.