पूल ओलांडेपर्यंत

टॅक्सी पुलावर आली तशी तोकिएनं ड्रायव्हरला सांगितलं, पुढच्या दाराशी नको, वळसा घालून मागं घ्या, स्वयंपाकघराकडं. इवानेयात ती सून म्हणून आली त्या दिवसापासून पुढच्या दारानं कधी आत गेली नव्हती. पुढचं दार पाहुण्यांचं. घरच्यांनी मागून यायचं, ओढ्याकाठच्या अरुंद वाटेनं, भाज्यांच्या पेट्या आणि वाळत घातलेले टॉवेल चुकवत. इवानेया हे डोंगरातल्या गरम झऱ्यावरचं अतिथिगृह तिनं उभी हयात चालवलं होतं, पण त्याचा दर्शनी भाग तिनं पाहिला तो झाडताना.

मागचं दार आतून बंद होतं. तिनं थाप मारली. एका अनोळखी पोरीनं दार उघडलं, म्हातारीच्या हातातली पिशवी पाहिली आणि कमरेत वाकून म्हणाली, "आजी, पाहुण्यांचं दार पुढं आहे. चला, मी नेते." पिशवी तिच्या हातातून काढून घेऊन पोरगी चालायलाही लागली. तोकिए मुकाट्यानं तिच्या मागं गेली. नव्या पोरीला काय ठाऊक, असं तिनं मनाशी म्हटलं.

पुढच्या दाराशी त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांच्या नावांचा काळा फळा टांगलेला असतो. ती पद्धत तोकिएच्या सासऱ्यांपासूनची. फळ्यावर तीन नावांच्या खाली चौथं नाव होतं: 'माननीय काकिनुमा तोकिए, आपलं स्वागत आहे.' अक्षर सुनेचं होतं, वळणदार. काकिनुमा हे या घराचंच आडनाव. घरच्या माणसाचं नाव या फळ्यावर आजवर कधी लागलं नव्हतं. गंमत केली असेल, असं म्हणून तोकिए पुढं झाली.

सून सावाको उंबऱ्याच्या आत गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही तळवे चटईला टेकवून, कपाळ त्यावर आणून ती म्हणाली, "आपण लांबचा प्रवास करून आलात. दमला असाल." दारात येणाऱ्या प्रत्येकाला हेच म्हणायचं असतं. सावाको पूर्वी सासूला 'तुम्ही' म्हणायची. आज 'आपण' होतं.

खरी गोष्ट अशी होती की तोकिएला जायला दुसरी जागा उरली नव्हती. नवरा गेला, त्यानंतरच्या हिवाळ्यात न्हाणीघर घासताना तिचा पाय घसरला आणि खुबा मोडला. उपचारासाठी लेकीनं, मिनेकोनं, तिला सेंदाईला आपल्या घरी नेलं. हाड जुळलं, ती काठीशिवाय चालायला लागली, आणि तेवढ्यात जावयाची ओसाकाला बदली झाली. मिनेकोनं एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता; महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. तोकिएनं लेकीला झाडलंच होतं. आश्रम कशाला? माझं घर आहे की. मग तिनं लेकाला फोन केला. मासाफुमी म्हणाला, "ये आधी दोन दिवस, मग बोलू." आईनं त्यातलं 'ये' तेवढं ऐकलं. पिशवीत सगळ्यात वर तिनं आपला कामाचा पांढरा अंगरखा घडी करून ठेवला होता.

तिला वरची, ओढ्यावर उघडणारी खोली दिली. ही खोली नवविवाहितांना आणि बँकेच्या साहेबांना द्यायची असते. तोकिए म्हणाली, मला कशाला एवढं, माझी खोली आहे ना स्वयंपाकघरामागची. सावाकोनं चहाचा पेला तिच्यासमोर ठेवला आणि गोड आवाजात सांगितलं, त्या खोलीत आता छोटं स्नानगृह केलंय, एकेका कुटुंबानं दार लावून अंघोळ करावी म्हणून. पाहुण्यांना भारी आवडतं, संध्याकाळचा वेळ मुद्दाम आपल्यासाठी राखून ठेवलाय.

तेव्हा संध्याकाळी तोकिएनं आपल्या खोलीत अंघोळ केली. जिथं तिची गादी पसरायची तिथं देवदाराचं टाकं होतं, आणि कपाटाच्या जागी अंग घासायला बसायची जागा. खिडकी मात्र तीच. या खिडकीतून ती रोज पहाटे ओढ्याचा आवाज ऐकायची आणि आज वर बर्फ वितळलंय की नाही, पोरांना मासे मिळतील की नाही, ते अंथरुणातूनच सांगायची. आता ती तिथंच गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. तिला संताप आला. पण पाणी इतकं ऊन आणि मऊ होतं की मोडलेला खुबा सैल पडला, आणि संतापसुद्धा धड टिकेना. याचाच तिला जास्त राग आला.

जेवण खोलीत आलं. तोकिएनं आयुष्यभर ताटं तपासली होती, आजही तपासली. ओढ्यातला मासा मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला, डोकं रीतीप्रमाणे डावीकडं. रानभाज्या, मुरवलेला मुळा, झाकणाखाली वाफाळतं सूप. खोट सापडावी म्हणून ती एकेक झाकण उघडत गेली. मासा थोडा जरी करपला असता तरी तिला बरं वाटलं असतं. काहीच चुकलं नव्हतं. सावाकोला तिनंच तयार केलं होतं, आणि ते पोरीच्या अंगात पुरतं मुरलं होतं.

जेवण झाल्यावर मासाफुमी आला. आत येऊन आईशेजारी बसायचं सोडून तो दाराजवळच गुडघे दुमडून बसला, यजमान बसतो तसा. बरं आहे का, खुबा दुखतो का, सेंदाईत थंडी कशी आहे, हे सगळं विचारून झालं. मग म्हणाला, मिनेकोनं सांगितलेला आश्रम चांगला आहे म्हणे, तिथंही म्हणे गरम झऱ्याचं पाणी आणलंय.

तोकिएनं आढेवेढे घेतले नाहीत. "मला इथं राहू दे, मासा. खोली नको. टॉवेलांच्या कोठारात एक गादी मावते. टॉवेलांच्या घड्या घालीन, चपला लावीन. कुणाच्या पायात येणार नाही."

मासाफुमीनं चटईच्या काठावरून बोट फिरवलं. लहानपणी खोटं बोलायच्या आधी तो हेच करायचा.

"बघून सांगतो, आई," तो म्हणाला.

या धंद्यात 'नाही' म्हणत नाहीत. शरद ऋतूत पानं लाल झाली की खोल्या महिनाभर आधी भरतात, तरी फोनवर कुणी जागा मागितली की म्हणायचं, बघून सांगते. विचारणाऱ्यालाही कळतं. हे शब्द मासाफुमीला तिनंच शिकवले होते, तो शाळेत होता तेव्हा, फोनजवळ स्टुलावर बसवून. आता त्यानं ते आईला वापरले आणि त्याच्या लक्षातही आलं नसावं. किंवा आलं असेल. दोन्हींतलं कुठलं वाईट हे तिला ठरवता येईना.

तो गेल्यावर ती खोलीत बसू शकली नाही. तिनं पिशवीतून पांढरा अंगरखा काढला, पाहुण्यांच्या सुती किमोनोवर चढवला, मागं नाड्या बांधल्या आणि खाली उतरली. तोंडानं सांगून कळत नसेल तर काम करून दाखवावं, असा तिचा हिशोब होता. मोठ्या न्हाणीघराबाहेर चपला अस्ताव्यस्त पडल्या होत्या. तिनं त्या एकेक करून बाहेर तोंड करून लावल्या, म्हणजे पाहुण्यानं नुसता पाय घालावा. खुब्यात कळ येत होती, पण दीड वर्षात तिला एवढं बरं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात अंघोळीनं लालबुंद झालेला एक पाहुणा बाहेर आला आणि म्हणाला, "मावशी, वर दोन बिअर पाठवा हो. थंडगार."

"आत्ता आणते," तोकिए म्हणाली. मावशी या एका हाकेनं तिचे डोळे भरून आले. ती लगबगीनं स्वयंपाकघरात गेली, बाटल्या जिथं असायच्या त्या कोपऱ्याकडं. तिथं आता फ्रीज नव्हता. ती तशीच उभी राहिली. म्हातारा आचारी मोरिओ तिच्या लग्नाच्या आधीपासून इथं होता. त्यानं तिला पाहिलं, अंगरखा पाहिला, आणि पातेल्यात डोकं घातलं.

सावाको ताटं पुसत होती. तिनं फडकं ठेवलं, जवळ आली, गुडघ्यांवर बसली आणि सासूच्या पाठीमागच्या नाड्या सोडायला लागली. हलक्या हातानं, लहान मुलाच्या सोडाव्यात तशा.

"आपण पाहुण्या आहात," ती म्हणाली. "पाहुण्यांना काम करू दिलं तर या घराला नावं ठेवतील लोक."

"मी पाहुणी नाही."

सावाकोनं अंगरखा उतरवून घेतला, त्याची घडी घातली. मग पहिल्यांदाच तिनं सासूच्या डोळ्यांत पाहिलं.

"माझे वडील अंथरुणाला खिळले होते, तेव्हा मी आपल्याला विचारलं होतं, जाऊ का म्हणून. आपण म्हणालात, घर भरलंय, पाहुणे जाऊ देत, मग जा. मी गेले तेव्हा त्यांचं सगळं आटोपलं होतं." तिचा आवाज जराही चढला नाही. "मी कटुतेनं सांगत नाही. बारा वर्षं घरचं माणूस म्हणून राहिले, त्यात एवढं समजलं की या घरात पाहुण्याचंच काय ते बरं असतं. म्हणून आपल्याला पाहुणी केलंय. यापेक्षा चांगलं मला काही देता येणार नाही."

तोकिएला तो दिवस आठवला. सावाकोच्या वडिलांचं नव्हतं आठवत. त्या दिवशी वीस माणसांची सहल आली होती आणि सूप कमी पडलं होतं, ते आठवत होतं. रागवावं तर कुठल्या तोंडानं? बिअर त्या नव्या पोरीनं वर नेली.

सकाळी टॅक्सी आली. तोकिएनं स्वतःहून पुढच्या दाराशी चपला मागितल्या. त्या बाहेर तोंड करून लावलेल्याच होत्या. अंगरखा धुऊन, इस्त्री करून, रेशमी कागदात गुंडाळून सावाकोनं तिच्या हातात दिला, पाहुण्याची राहिलेली वस्तू परत करतात तसा.

घरातलं माणूस कुठं निघालं की म्हणतं, जाऊन येते. आणि मागच्यांनी म्हणायचं, जाऊन या. पाहुण्याला तसं म्हणत नाहीत. उंबऱ्यावर चपला घालताना तोकिए लेकाकडं न बघता म्हणाली, "जाऊन येते हं, मासा."

मासाफुमीचे ओठ हलले. ती थांबली. चपलेचा पट्टा नीट करायला म्हणून तिनं आणखी वेळ काढला.

"आपण आलात, फार बरं वाटलं," शेजारून सावाको म्हणाली, आणि निरोपाला उभी असलेली सगळी रांग एकदम वाकली. मासाफुमीही वाकला.

इवानेयाचा एक नियम पंचक्रोशीत नावाजलेला आहे, आणि तो तोकिएनं घालून दिला. पाहुण्याची गाडी पूल ओलांडेपर्यंत मान वर करायची नाही. कुणी आधी डोकं उचललं की गाडी गेल्यावर ती त्याला सगळ्यांसमोर फैलावर घ्यायची. पाहुण्यानं मागं वळून पाहिलं तर त्याला वाकलेली डोकी दिसली पाहिजेत, कामाला पळालेल्या पाठी नाहीत. लहानग्या मासाफुमीनं एकदा ओढ्यातलं बगळ्याचं पिल्लू बघायला मान उचलली, तर त्याला तिनं रात्री उपाशी झोपवलं होतं. त्यानंतर तो कधी चुकला नाही.

टॅक्सी निघाली. ड्रायव्हर आरशात पाहत म्हणाला, "काय मान ठेवतात हो! पहिल्यांदाच आला होतात?"

"हो," तोकिए म्हणाली.

मग तिला राहवेना. खुब्यातली कळ सोसून ती सीटवर वळली आणि मागच्या काचेतून पाहू लागली. तिला लेकाचं तोंड बघायचं होतं, एवढंच. तो रडतोय की सुटल्यासारखा दिसतोय, काहीही चाललं असतं. काय ते कळलं असतं. दारासमोर वाकलेल्या डोक्यांची ओळ होती. त्याचं डोकं तिनं ओळखलं. मधोमध विरळ व्हायला लागलं होतं, बापासारखं. ते जरासुद्धा हललं नाही. खाली ओढा खळाळत होता, आणि ती मनातल्या मनात म्हणत होती, उचल, एकदा मान उचल, कुणी रागावणार नाही.

टॅक्सीनं पूल ओलांडला. आता सगळ्यांनी माना वर केल्या असतील, हे तिला नेमकं ठाऊक होतं. पण रस्ता वळला होता, आणि मागच्या काचेत आता देवदारांशिवाय काही नव्हतं.