बडनेऱ्याची गिटार

मी बडनेऱ्याची गिटार बोलतेय. पोटावरचं पॉलिश उडालंय, एक खुंटी बदललेली आहे. पण आवाज अजून शाबूत आहे.

कलकत्त्याच्या एका दुकानातून मला लेस्ली या अँग्लो-इंडियन रेल्वे गार्डानं विकत घेतलं. तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती आणि तो आसामकडं सैनिकांच्या गाड्या न्यायचा. तिथं एका काळ्या अमेरिकन शिपायानं त्याला आपल्या माणसांची गाणी शिकवली. बाटलीची कापलेली मान बोटात घालून तारांवरून सरकवायची. मग मी वाजत नाही, विव्हळते. त्या शिपायाचे आजे-पणजे गुलाम होते. दुसऱ्याच्या रानात कापूस वेचता वेचता त्यांनी या चाली धरल्या होत्या.

पुढं लेस्ली बडनेऱ्याला आला. संध्याकाळी तो क्वार्टरच्या ओट्यावर मला घेऊन बसे. रुळांचे सांधे बदलणारा देवमन ड्युटी संपली की पायरीवर येऊन ऐकायचा. एकदा त्यानं विचारलं, हे कोणाचं रडणं? लेस्लीनं जमेल तशा हिंदीत सगळं सांगितलं. देवमनची माय भागीरथा जन्मभर पाटलाच्या वावरात कापूस वेचत आली होती.

देवमन आपल्याच बोलीत म्हणाला, "मंग हे आमचंच गाणं हाय, सायेब."

लेस्ली देश सोडून ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा मला देवमनच्या हाती देऊन गेला. देवमनच्या घरात बौद्ध धम्मदीक्षेनंतरचा नवा हुरूप होता. त्याची बायको जाईबाई शब्द जुळवायची, तो चाल लावायचा. बुद्धपौर्णिमेला अकोल्याच्या एका उघड्या मैदानात त्यांनी मेळा सुरू केला. एकतारीवाले, तुणतुणेवाले, जो तार छेडतो तो यायचा. तिकीट नाही, वर्गणी नाही. माणसं आपापलं पोतं आणून अंथरत. शहरातल्या शेटजींचे दिवाणजीही उभ्या उभ्या ऐकून जात.

भागीरथाबाई थकली. अकोल्याचा प्रवास तिला झेपेना. पोरगा काय वाजवतो ते एकदा तरी कानांनी ऐकावं, एवढंच तिचं मागणं होतं. म्हणून चौसष्ट साली मेळा देवमनच्या गावी भरवायचं ठरलं. गाव अंजनगाव सुर्जीच्या पुढं, काळ्या मातीतलं.

गावात पोचलो त्या सकाळपासूनच काहीतरी बिनसलं होतं. आमच्या बैलबंडीमागं पोरं धावली नाहीत. दुकानदारानं रॉकेल संपलं म्हणून सांगितलं. भरलेलं पिंप दारातच होतं. गॅसबत्तीवाल्यानं कबूल केलेल्या बत्त्या नाकारल्या. दुपारी कोतवाल सूर्यभान आला. तो देवमनच्या लहानपणचा सोबती, पण ओसरीवर टेकला नाही.

"खुशालराव पाटील म्हनते, अकोल्यात काय गाचं ते गा. गावात तार वाजली नाही पायजे," तो म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला.

जाईबाईनं सामान बांधायला घेतलं. देवमन मायकडं बघत राहिला. भागीरथाबाई म्हणाली, जन्मभर त्यांचं ऐकलं, आज मले तुवं ऐकू दे.

बत्त्या नव्हत्या, म्हणून ऊन असतानाच गावाच्या कडेच्या मैदानात सुरू केलं. पहिल्याच गाण्याला धुऱ्यावर, शेजारच्या शेताच्या बांधावर, माणसं दिसली. हातात काठ्या. मला वाटलं, आता फुटले. पण ती नुसती उभी राहिली. एकाचा पाय तालावर हलू लागला. शेजारच्यानं पाहिलं तसा तो थांबला. शेवटचं गाणं होईपर्यंत कोणी हललं नाही. मग ती एकामागं एक निघून गेली. भागीरथाबाईनं मला मांडीवर घेतलं, माझ्या तारांवरून बोटं फिरवली. ती हसत होती. मला मात्र त्या माणसांचं न बोलता जाणं खात होतं.

दुसऱ्या दिवशी परतताना नाल्यात पाटलाच्या चौघा माणसांनी बंडी अडवली. मला त्यांनी जपून उचललं, सावलीत वाळूवर ठेवलं, तारेलाही धक्का लागू दिला नाही. पाटलाच्या घरी रेडिओ होता; वाद्याची किंमत त्यांना कळत होती. मग त्यांनी देवमनचा उजवा हात दगडावर धरला आणि दुसऱ्या दगडानं ठेचला. जाईबाईला दोघांनी धरून ठेवलं होतं. ठाण्यात बंडीवरून पडल्याची नोंद झाली.

देवमनची बोटं सरळ झाली नाहीत. रेल्वेनं त्याला फाटकावर बसवलं. मी खुंटीला टांगलेली. तो माझ्याकडं पाठ करून जेवायचा. दिवाळी गेली, संक्रांत गेली. एका सकाळी जाईबाईनं मला खाली काढलं, पदरानं पुसलं, मांडीवर आडवं घेतलं आणि बाटलीची मान स्वतःच्या बोटात घातली.

"तुमी गा," ती त्याला म्हणाली. "वाजवाचं मी पाहीन."

तिचा हात सुरुवातीला चुकत होता. आता चुकत नाही. देवमनचा आवाज पूर्वीपेक्षा खाली उतरलाय. यंदाचा मेळा कुठं भरवायचा, हे विचारायला लोक आले, तेव्हा दोघं एकमेकांकडं बघून एकदमच म्हणाली, गावालाच.

म्हणून मी आज पुन्हा त्याच बंडीत आहे. नाला जवळ येतोय. पलीकडच्या काठावर काही माणसं उभी आहेत, चेहरे अजून ओळखू येत नाहीत. जाईबाईनं मला घट्ट धरलंय.

मैदान उघडं आहे, गाणं फुकट आहे. तुम्हीही या. फक्त एकटे येऊ नका.