रिपेचं हसू

इल्पोसारख्या माणसांचा मला मनापासून संताप येतो. दोन वर्षं मी त्या माणसाच्या नाकदुऱ्या काढल्या, तेही एका व्हिडिओ कॅसेटसाठी. कॅसेट त्याच्या कपाटात होती, प्लास्टिकच्या वेष्टणात, आणि त्या वेष्टणाच्या आत माझी आई होती.

माझी आई, औलिक्की, मी पुरती दोन वर्षांचीही नव्हते तेव्हा गेली. तिचे फोटो आहेत, तिने विणलेले लोकरीचे मोजे आहेत, तिच्या हातची वांगीरंगी उशीही आहे. आवाज मात्र कुठेच नाही. ती आजारी पडायच्या आधीच्या उन्हाळ्यात तिने एका जपानी कार्टूनला आवाज दिला होता, तेवढाच. ताम्पेरे शहरातल्या वाचनालयात ती पोरांना गोष्टी सांगायची. तिथे कुणा व्हिडिओवाल्याने तिला ऐकलं आणि धरून नेलं. एक तळघर, भिंतींना ठोकलेल्या गोधड्या, एक माइक आणि तीन माणसं. त्या तिघांनी सगळी मालिका उरकली. दीपगृहात राहणारं कोल्ह्याचं पिल्लू, रिपे, हा आईचा आवाज. रिपेची आजी आणि सगळे सीगल पक्षीही आईच. कॅसेटवर नाव मात्र एकाचंही नाही. इतका पैसा वाचवणारी माणसं, शाई तरी कशाला खर्च करतील!

ती गेल्यावर बाबा दर शुक्रवारी आमच्या लेम्पाला गावातल्या टपरीवरून ती कॅसेट भाड्याने आणायचे. टपरीवाली बाई शेवटी त्यांच्याकडून पैसे घेईना. मग मला काही आठवायच्या आतच टपरी बंद झाली, कॅसेट कुठे गेली कुणास ठाऊक. बाबांचं एक वाक्य मात्र राहिलं, आणि ते ऐकतच मी मोठी झाले.

"हजार बायका एकदम हसल्या ना, तरी त्यातली तुझी आई मी ओळखीन."

मला हेवा वाटायचा त्यांचा. त्यांच्या कानात ती होती आणि माझ्या कानात काहीच नव्हतं.

इल्पो मला इंटरनेटवर सापडला. जुनी जपानी कार्टून्स युरोपात कॅसेटवर कधी, कुठे, कुणाच्या आवाजात निघाली, याचा माग काढणं हेच त्याचं आयुष्य. लग्न नाही, मांजर नाही. रिपेची तर त्याने आपल्या वेबसाइटवर जन्मकुंडलीच मांडली होती. स्पेनमध्ये रिपेचं नाव बदललं, इटलीत त्याला मुलगी केलं, जर्मनीत दोन भाग कापले आणि शेवट गोड केला. आणि खाली एक ओळ: "फिनलंड, फिनिश आवाज, पहिली आवृत्ती. ज्ञात प्रत एकच, सीलबंद, माझ्या संग्रहात. कलाकार अज्ञात."

अज्ञात म्हणे! मी त्याच दिवशी त्याला लिहिलं.

त्याचं उत्तर आलं, "सील फोडलं की ती कॅसेट राहत नाही, कचरा होतो."

"अहो, माझी आई आहे त्यात!"

"मला तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. पण वस्तू जपणं हे माझं काम आहे."

दोन वर्षं हेच. मी विनवलं, भांडले, दुप्पट पैसे देऊ केले, एकदा तर फोनवर चक्क रडले. तो ढिम्म. शेवटी बाबांच्या कपाटात एक फोटो सापडला, त्या तळघरातला. गोधड्या, माइक, आणि माइकसमोर तोंड भरून हसणारी आई. मी त्या फोटोचा फक्त कोपरा मोबाइलवर टिपून त्याला पाठवला, माइक आणि गोधडी दिसेल एवढाच. तासाभरात त्याचा फोन.

"त्या स्टुडिओचा एकही फोटो जगात नाहीये," तो धापा टाकत म्हणाला. "मूळ प्रत मला मिळेल?"

"सील फोडलंत तर मिळेल."

त्याने फोटोची लांबीरुंदी विचारून घेतली. मग म्हणाला, "रविवारी या."

मार्चमधला रविवार. बाबांनी टाय बांधला. मी म्हटलं, "बाबा, आपण एका विक्षिप्त माणसाच्या फ्लॅटवर चाललोय, लग्नाला नाही."

"तुला काय कळतंय, तुईरे," ते म्हणाले. "चाळीस वर्षांनी भेटतोय मी तिला." आणि आरशात बघून पुन्हा गाठ सारखी केली. मी गाडीची किल्ली उचलली.

इल्पोने दारातच आमच्या बुटांवरचा बर्फ झटकून घेतला. आत भिंतभर कॅसेटी, पडदे ओढलेले, ऊन लागून कव्हरं फिकी पडतात म्हणून. कॉफी दिली ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, कप बाहेर आणायचा नाही. सोबत कालचा, कडक झालेला वेलचीचा पाव. मग त्याने पांढरे सुती हातमोजे चढवले. मला हसू येत होतं.

कव्हरवर रिपे होता, बर्फात, आणि कोपऱ्यात फिनलंडसकट चार शेजारी देशांचे चार झेंडे. इल्पोने ब्लेडने वेष्टण कापलं. डोळे मिटून कापलं त्याने, अगदी आपलीच कातडी कापावी तसं. बाबा खुर्चीच्या टोकावर बसले होते, टायवर हात ठेवून.

पडद्यावर आधी पट्टे आले, मग समुद्र, मग दीपगृह. दार उघडलं आणि रिपे खिदळत बाहेर आला. काय हसू होतं ते! मधेच श्वास अडकणारं, मग पुन्हा उसळणारं.

"तीच!" बाबा ओरडले. "तीच ती! ऐकलंस? श्वास अडकला बघ कसा! अशीच हसायची गं ती!" त्यांच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं. माझ्याही. बेचाळीस वर्षांची बाई मी, दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना दरडावणारी, तिथे त्या अंधाऱ्या खोलीत मनात "आई, आई" म्हणत राहिले. खरं सांगते, त्या क्षणी इल्पोचे पायसुद्धा धरले असते मी.

मग रिपेने तोंड उघडलं आणि तो बोलला. स्वीडिशमध्ये.

शाळेत आमच्या घशात कोंबलेलं, कधीच न आवडलेलं स्वीडिश. आईला धड दहा शब्दही येत नव्हते त्यातले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

इल्पो पांढराफटक पडला होता. "कव्हर चारही देशांना एकच छापायचे," तो पुटपुटला. "आत कारखान्यात कुठली कॅसेट भरली जाईल ते... पण अशी चूक..."

"तुम्ही ऐकली नव्हती?"

"सीलबंद कॅसेट ऐकणार कशी?"

"मग फिनिश आवाज आहे म्हणून छातीठोकपणे लिहिलंत कशाच्या जोरावर?"

तो हातमोजे काढायला लागला, एकेक बोट. "माझ्याकडे आधी दुसरी प्रत होती. भाड्याची. लेम्पालाची एक टपरी बंद झाली तेव्हा घेतलेली. तिच्यात फिनिशच होतं, मी थोडी बघितली होती. मग ही सीलबंद मिळाली. जुनी घासली गेलेली, कव्हरवर टपरीचं स्टिकर, रंग उडालेला. एकाच आवृत्तीच्या दोन प्रती कोण ठेवतं? खराब होती ती, तुईरे."

"तिचं काय केलंस?"

तोपर्यंत मी त्याला अहो-जाहो करत होते.

"टाकली."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती घासली होती, कारण माझ्या बापाने दर शुक्रवारी लावून लावून घासली होती! "नुसती कव्हरं चाटत बसला असशील इथे!" मी ओरडले. "कान आहेत का तुला? का तेही प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेत?" तो उलट काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, एखादी कॅसेट तरी फोडली असती मी.

मागून बाबांचा आवाज आला, शांत. "अगं, भांडू नकोस. बोलणं असेल स्वीडिश. हसू तर तिचंच आहे ना. ते ठेवलंय त्यांनी. आपण तेवढंच परत लावू."

मी इल्पोकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं, गप्प राहा. पण ज्याचा जन्मच चुका दुरुस्त करण्यात गेला, तो गप्प कसा राहील?

"नाही हो," तो म्हणाला. "हसणं, रडणं, शिंकणं कुणी नव्याने करतच नसे. तेवढा वेळ कुणाला होता? ते मूळ जपानी कॅसेटवरचंच तसंच ठेवायचे. स्पेनमध्येही हेच हसू आहे, इटलीतही. त्या टपरीच्या कॅसेटवरही हेच होतं. ती कुणी जपानी बाई आहे."

पडद्यावर रिपे पुन्हा हसला. बाबांनी मान वर केली नाही.

निघताना मी फोटो उचलला. इल्पो म्हणाला, "आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं ते आईच्या आवाजाच्या बदल्यात," मी म्हणाले.

"निदान नाव तरी सांगा त्यांचं. मी नोंद दुरुस्त करतो. अज्ञातच्या जागी नाव येईल."

"आणि आवाजाच्या जागी काय लिहिशील?"

तो खाली बघत म्हणाला, "नष्ट."

मी नाव सांगितलं नाही.

गाडीत बाबांनी फोटो मांडीवर घेतला. रस्त्याच्या कडेला मळलेला बर्फ साचला होता, वायपर खरखरत होता. बाबांनी टाय सोडून खिशात कोंबला. फोटोतल्या आईचं तोंड हसण्यासाठी उघडं होतं, आणि ते त्या तोंडाकडेच बघत राहिले, लेम्पालाचा फाटा येईपर्यंत.

"मग ती कशी हसायची गं?" त्यांनी विचारलं.

मला विचारलं त्यांनी. मला.